रिकामा प्रोसेसर कोणाचा?

गेल्या आठवड्यात आमच्या टीममधला एक पोरगा माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. पोरगा म्हणजे चांगला आठ वर्षं अनुभव असलेला गडी आहे, पण हल्ली मला सगळेच पोरगे वाटतात, त्याला इलाज नाही. म्हणाला, "आपल्या सर्व्हिससाठी त्या मोठ्या मशीनवरचे आठ कोअर वेगळे काढून द्या ना. शेजारच्या टीमचे जॉब सुरू झाले की आपला रिस्पॉन्स टाइम पार बोंबलतो."

मी म्हटलं, "देऊ. पण एक सांग. रात्री आपल्या सर्व्हिसकडे कुत्रंसुद्धा फिरकत नाही, तेव्हा ते आठ कोअर कोणाचे?"

"आपलेच की!"

हे उत्तर मी पूर्वी ऐकलंय. खरं तर मीच दिलंय, आणि त्याची किंमत दुसऱ्याच कोणीतरी मोजली. म्हणून या शनिवारी हा विषय.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी थोडं पुराण. (ज्यांचा आहे त्यांनी चार परिच्छेद ओलांडून पुढे जायला हरकत नाही.)

एका मशीनमध्ये अनेक प्रोसेसर असले की कुठलं काम कुठल्या प्रोसेसरवर चालवायचं हे ऑपरेटिंग सिस्टिममधला शेड्युलर ठरवतो. त्याचा स्वभाव एकत्र कुटुंबातल्या आजीसारखा. कोणाचा हात रिकामा दिसला की त्याला काम लावायचं, मग तो पाहुणा का असेना. बहुतेक वेळा हे बरंच असतं. पण कधी कधी पंचाईत होते. एखादं काम एका प्रोसेसरवर रमलेलं असतं, त्याला लागणारा डेटा त्या प्रोसेसरच्या कॅशमध्ये येऊन बसलेला असतो, आणि तेवढ्यात दुसरंच एक दांडगं काम तिथे येऊन सगळी कॅश धुऊन टाकतं. पहिलं काम परत येतं तेव्हा त्याला पुन्हा पहिल्यापासून मांडामांड करावी लागते.

यावर युनिक्सच्या दुनियेत दोन उपाय. पहिला म्हणजे खुंटी. सोलारिसमध्ये 'पीबाइंड' ही कमांड वापरून एखादी प्रोसेस एका प्रोसेसरला बांधून टाकता येते. पण खुंटीला बांधलेला बैल दुसरीकडे जात नाही इतकंच. त्या खुंटीपाशी दुसरी जनावरं येऊन चरत नाहीत असं काही नाही. दुसरा उपाय म्हणजे कुंपण. सोलारिस २.६ मध्ये, १९९७ साली, 'पीएसआरसेट' ही कमांड आली. काही प्रोसेसर निवडायचे, त्यांचा एक गट करायचा आणि हव्या त्या प्रोसेस त्या गटाला जोडायच्या. आता आतल्या प्रोसेस बाहेर जाणार नाहीत आणि बाहेरच्या आत येणार नाहीत (कर्नलची स्वतःची काही कामं सोडून). आतल्या प्रोसेसने पुढे ज्या प्रोसेस जन्माला घातल्या त्याही आतच राहणार. सिस्टिमची एकच अट असते, निदान एक प्रोसेसर कुठल्याही गटात न टाकता सगळ्यांसाठी मोकळा ठेवायचा.

एक तिसरा उपायही आहे, पण तो समजायला एसटीत बसावं लागतं. एसटीत आमदारांसाठी राखीव सीट असते. आजवर एवढा प्रवास केला, त्या सीटवर आमदार बसलेला मी पाहिलेला नाही. पण ती सीट रिकामी जाते का? छे! आमदार आले तर उठायचं, या बोलीवर कोणीतरी बसतंच. सोलारिस ९ मध्ये, २००२ साली, 'फेअर शेअर शेड्युलर' आला तो नेमका असा. गर्दी असेल तेव्हा ज्याचा वाटा मोठा त्याला जास्त वेळ. गर्दी नसेल तर बसा कोणीही. कुंपणाचं तसं नाही. तिथे आमदार येवोत न येवोत, सीट रिकामीच जाणार आणि बाकीचे दांड्याला लोंबकळणार.

हे झालं पुराण. आता माझी गोष्ट.

२००४ साल. मी तेव्हा पुण्यात सिस्टिम अ‍ॅडमिन होतो. ग्राहक एक बऱ्यापैकी मोठी संस्था, नाव सांगत नाही. मशीन सनचं व्ही-८८०, आठ प्रोसेसर, प्रत्येकाला ८ मेगाबाइटची कॅश, वर सोलारिस ८. आज हे आकडे वाचून हसू येईल, पण तेव्हा ते मशीन ठेवलेल्या खोलीत आम्ही चपला काढून जायचो. दिवसा त्यावर काउंटरवरच्या लोकांचं ऑनलाइन काम चाले, रात्री बॅच आणि महिनाअखेरीला पगाराची मोठी बॅच.

दिवसा मधूनच कोणीतरी एखादा जडजूड जॉब सोडे आणि काउंटरवाल्यांचे स्क्रीन अडकत. बोंबाबोंब व्हायची. मी मोठ्या उत्साहाने ४, ५, ६ आणि ७ क्रमांकाच्या प्रोसेसरचा एक गट केला आणि ऑनलाइनच्या सगळ्या प्रोसेस त्यात टाकल्या. 'एमपीस्टॅट' लावून पाहिलं तर त्या चार प्रोसेसरवर थ्रेडची पळापळ आणि जबरदस्तीचे कॉन्टेक्स्ट स्विच दोन्ही धाडकन खाली. काउंटरवाले खूश. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून चहा पाजला.

मग काय, सगळ्यांनाच आपापला तुकडा हवा झाला. रिपोर्टवाल्यांना एक प्रोसेसर दिला. हेड ऑफिसला रोज डेटा पाठवणाऱ्यांना एक दिला. मलाही नाही म्हणवेना, प्रमोशनचे दिवस जवळ आले होते. शेवटी मोकळे राहिले ० आणि १, दोनच. बाकी सगळा संसार, पगाराच्या बॅचसकट, त्या दोघांच्या डोक्यावर.

हे गट रीबूटनंतर टिकत नाहीत. म्हणून मशीन सुरू होताना ते पुन्हा तयार करणारी एक छोटी स्क्रिप्ट मी लिहून ठेवली. स्क्रिप्ट चोख होती. एवढंच, की हे का केलं, कोणासाठी केलं, याची एक ओळही मी त्यात लिहिली नाही. रात्रपाळीच्या ऑपरेटरच्या वहीतही नाही.

पुढे दोन-तीन महिने काही बिघडलं नाही. मग एका महिनाअखेरीला पगारासोबत मागच्या फरकाची रक्कमही काढायची होती. बॅच एरवीपेक्षा बरीच मोठी. रात्रपाळीला बावीस-तेवीस वर्षांचा एक मुलगा होता, कंत्राटावरचा. त्याच्या वहीत लिहिलेलं होतं की बॅच रेंगाळली तर 'व्हीएमस्टॅट' चालवून बघावं, आणि आयडल दहा टक्क्यांच्या खाली असेल तर अ‍ॅडमिनला फोन करावा. एरवी तीनपर्यंत संपणारी बॅच चार वाजले तरी चालूच. त्याने सांगितल्याप्रमाणे कमांड चालवली. आयडल ७४ टक्के. त्याने वहीत लिहिलं, "४.१० : मशीन निवांत, बॅच चालू." आणि फोन केला नाही.

कशाला करेल? आठातले सहा प्रोसेसर माझ्या कुंपणांच्या आत गाढ झोपलेले होते. दोन प्रोसेसर घाम गाळत होते. सरासरी काढली की मशीन निवांतच दिसणार. आणि त्याला संशय आला असता तरी त्याच्या हातात काही नव्हतं. गट नुसते बघायला खास अधिकार लागत नाहीत, पण मोडायला रूटचा पासवर्ड लागतो. तो माझ्याकडे होता. आणि मी घरी झोपलो होतो.

बँकेला फाइल पाठवायची सकाळची वेळ हुकली. दिवस शनिवार. मग रविवार. शनिवारी व्हायचा पगार मंगळवारी झाला. तीन दिवसांनी काय बिघडतं, असं कोणाला वाटेल. ज्याच्या घराचा हप्ता ठरल्या तारखेला खात्यातून जातो, त्याला विचारा.

सोमवारी मीटिंग झाली. समोरच्या कागदावर कारण होतं, "ऑपरेटरने वेळेत कळवलं नाही." त्याला मेमो द्यायचं ठरलं. मी त्याच खोलीत बसलो होतो. सकाळीच गटांची यादी काढून पाहिली होती, सगळं लख्ख दिसलं होतं. पण माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

संध्याकाळी मात्र राहवेना. आमचे एक सीनियर होते, वयाने बरेच मोठे, सगळे त्यांना काका म्हणत. त्यांना जाऊन सगळं सांगितलं. काका ओरडले नाहीत. म्हणाले, "अरे, कुंपण घातलंस ते ठीक. पण आतली जमीन पडीक राहिली आणि बाहेरचा उपाशी मेला, तर जाब कोणी द्यायचा? ज्याने कुंपण घातलं त्यानेच ना? उद्या सकाळी लिहून दे."

लिहून दिलं. मेमो मागे घेतला गेला. तो मुलगा दोन महिन्यांत दुसरीकडे गेला. मी त्याची माफी मागितली तेव्हा "असू द्या सर" म्हणाला. ते "असू द्या" अजून बोचतं.

आता माझं मत. प्रोसेसरचे गट करताना आपण सगळे एकच प्रश्न विचारतो, "कोणाला किती लागतात?" माझ्या मते हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, "रिकामे असतील तेव्हा कोणाचे?" याचं उत्तर "तरीही त्याचेच" असं असेल, तर त्यामागे फार भक्कम कारण लागतं. "आमचं काम महत्त्वाचं आहे" हे ते कारण नव्हे. काम सगळ्यांचंच महत्त्वाचं असतं. त्या मशीनवर पगारापेक्षा महत्त्वाचं काय होतं? पण पगाराच्या बॅचच्या वतीने भांडायला माझ्या टेबलापाशी कोणी आलं नव्हतं, म्हणून तिच्या वाट्याला उरलंसुरलं आलं.

यात गणितही माझ्या बाजूने आहे. दोन खिडक्या आहेत, प्रत्येकीसमोर वेगळी रांग, आणि प्रत्येक खिडकी ८० टक्के वेळ कामात. एका माणसाच्या कामाला सरासरी २ मिनिटं लागतात. माणसं आपापल्या मर्जीने येतात आणि कामाचा वेळही कमीजास्त होतो असं धरलं, तर रांगेत सरासरी ८ मिनिटं थांबावं लागतं. आता तीच माणसं, त्याच खिडक्या, फक्त रांग एकच करा आणि जी खिडकी मोकळी होईल तिथे पुढचा माणूस जाऊ द्या. थांबण्याची सरासरी येते साधारण साडेतीन मिनिटं. खिडकी वाढवली नाही, कारकून वाढवला नाही, तरी वेळ निम्म्याच्याही खाली. टेलिफोनच्या लायनी किती लागतील याचा हिशोब करताना डेन्मार्कच्या एर्लांगने १९०९ पासून या शास्त्राचा पाया घातला. प्रत्येक कुंपण म्हणजे एका रांगेच्या दोन रांगा करणं, हे विसरू नये.

मग कुंपण कधीच नको का? असं मी म्हणत नाही. मुंबईच्या लोकलमधला लेडीज डबा घ्या. तो अर्धा रिकामा दिसला म्हणून पुरुषांनी त्यात चढू नये, आणि हे बरोबरच आहे. कारण तिथे प्रश्न जागेचा नाही, सुरक्षिततेचा आहे. मशीनमध्येही असं काम असतं. ज्याला काही मायक्रोसेकंदांत उत्तर द्यावंच लागतं, एकदा उशीर झाला की सगळं वाया जातं, ते काम. किंवा नेटवर्कची पाकिटं उचलण्यासाठी प्रोसेसरवर अखंड फिरत राहणारं काम, जे प्रोसेसर कधी रिकामा ठेवतच नाही. अशांना खुशाल कुंपण घाला, रिकाम्या जमिनीचा प्रश्नच येत नाही.

शेड्युलरवर आंधळा विश्वास ठेवा असंही नाही. २०१६ साली युरोसिस परिषदेत 'वाया गेलेल्या कोअरचं दशक' अशा अर्थाच्या नावाचा एक शोधनिबंध आला. लिनक्सच्या शेड्युलरमध्ये असे दोष होते की एकीकडे थ्रेड रांगेत उभे आणि दुसरीकडे कोअर रिकामे, असं घडत होतं. म्हणजे आजीलाही कधी कधी कोपऱ्यात बसलेला नातू दिसत नाही. पण ती चूक आहे आणि ती सापडली की दुरुस्त करता येते. कुंपणात तोच प्रकार ठरवून केलेला असतो.

आणि घालायचंच तर नीट घाला. आजकाल बऱ्याच जणांची कुंपणं नुसती कागदावर असतात. लिनक्समधला 'टास्कसेट' म्हणजे खुंटी, कुंपण नव्हे. तो लावून "आमचे कोअर राखीव आहेत" म्हणणारे मी पाहिलेत. खरे गट करायचे ते 'सीपीयूसेट'ने, जे २००५ साली २.६.१२ या कर्नलमध्ये आले. तिथेही मेख आहे. गट 'एक्सक्लुझिव्ह' केला तरी शेजारच्या गटाला ते कोअर मिळत नाहीत इतकंच. सर्वांत वरच्या मूळ गटात बसलेल्या प्रोसेस मात्र तिथे खुशाल येऊ शकतात, त्यांना आधी उठवून दुसरीकडे बसवावं लागतं. हायपरथ्रेडिंग असेल तर दोन क्रमांक म्हणजे दोन प्रोसेसर नव्हेत, एकाच घराचे दोन दरवाजे आहेत. एक दरवाजा एका गटाला आणि दुसरा दुसऱ्याला दिलात तर भांडण घरातच राहतं. इंटरप्टही वेगळे हाकलावे लागतात. सोलारिसमध्ये त्यासाठी पीएसआरसेटलाच एक पर्याय होता, लिनक्समध्ये प्रत्येक इंटरप्टला कुठे जायचं ते स्वतः सांगावं लागतं. कुबरनेटिसमध्ये सीपीयू मॅनेजरचं 'स्टॅटिक' धोरण २०२२ च्या अखेरीस १.२६ आवृत्तीत पक्कं झालं. त्यात पूर्ण कोअर मागणाऱ्या कंटेनरला ते स्वतंत्र मिळतात, पण तेही इतर कंटेनरपासून. त्या मशीनवरच्या बाकीच्या सेवा त्यात मोडत नाहीत.

माझा आजचा शिरस्ता असा. आधी वाटा द्यायचा, म्हणजे आमदारांची सीट. तेवढ्याने भागत नाही हे मोजून दिसलं तरच कुंपण. तेही घड्याळ लावून. त्या २००४ च्या मशीनवर रात्री ९ वाजता ऑनलाइनच्या गटातला एक ठेवून बाकी तीन प्रोसेसर मोकळे करणारी आणि सकाळी परत नेणारी दोन ओळींची क्रॉनची नोंद पुरली असती. दोन ओळी! आणि देखरेख करताना सरासरी बघायची नाही, प्रत्येक गटाचा आकडा वेगळा बघायचा. ७४ टक्के आयडल हा आकडा खोटा नव्हता, पण त्याने एका मुलाची नोकरी घालवली असती.

तर त्या आमच्या पोराचं काय झालं? त्याला ही सगळी गोष्ट सांगितली. दोघांनी मिळून आठवडाभर मोजलं. आधी सर्व्हिसचं सी-ग्रुपमधलं वजन वाढवून पाहिलं. दिवसाचा त्रास बराच कमी झाला, संपला नाही. मग आठाऐवजी दोन कोअर वेगळे दिले, दिवसापुरते, तीन महिन्यांच्या मुदतीवर. मी म्हटलं, फाइलच्या वर तीन ओळी लिही. का, कोणासाठी, कधीपर्यंत.

त्याने लिहिल्या. आणि चौथी ओळ स्वतःहून घातली, "रात्री गरज पडली तर हे काढायला आम्हाला विचारत बसू नका. काढा, सकाळी सांगा." रात्रपाळीच्या लोकांना ते काढायचा अधिकारही त्याने देऊन टाकला.

माझ्या स्क्रिप्टमध्ये ही ओळ असायला हवी होती.